तिजेआधीचा आंबा

बिबवेवाडी, पुणे
१४ मार्च २०२४

ती. कुसुमताईंना,
पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि यांना डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, तेव्हा तुम्हा बहीणभावांचं आता पत्रांवरच भागणार. यांनी पाटीवर लिहून दाखवलं की ताईला कळव, या जन्मातली आपली भांडणं संपली.

घशाला रेडिएशनचा शेक द्यायला सुरुवात झाली. पोळी दुधात कुस्करून दिली तरी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. गार असलं तरच उतरतं. म्हणून तुमच्या भाचीने, उत्कर्षाने, ऑफिसातून येताना कुल्फीचे साचे आणले आणि मी दह्यात चिकू घालून गारेगार केलं. ओढलं तर काडी तेवढी हातात आली, बाकी सगळं साच्यात. यांनी ती काडी चाखली आणि पाटीवर लिहिलं की काडी उत्तम जमली आहे. अकोल्याचा माणूस, पण बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करता करता पुणं अंगात मुरलं ते मुरलंच.

शेजारच्या जरीनाभाभींच्या आफताबभाईंचा मार्केट यार्डात फळांचा गाळा आहे. काल ते हापूसची पहिली पेटी घेऊन आले. यांनी पेटीशेजारी खुर्ची ओढली आहे आणि तिथून उठत नाहीत. वजन उतरत चाललंय. डॉक्टर म्हणतात, आवडेल ते द्या, नाहीतर पोटात नळी घालावी लागेल. आणि नळी घालून घेणार नाही, असं यांनी आधीच बजावलं आहे. पण अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आपल्या घरात आंबा कापत नाहीत. सासूबाईंच्या मागे रीतभात तुमच्या शब्दाने चालते, म्हणून विचारते. आंबा देऊ का?

तुमचा लोभ आहेच. या दिवसांत तो जरा जास्त लागेल.

आपली,
पूर्णिमा


अकोला
२२ मार्च २०२४

चि. सौ. पूर्णिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, नुसतं दही घातलंस तर बर्फच होणार. दही फडक्यात बांधून टांगून ठेव, पाणी निथळू दे. त्या चक्क्यात चिकूचा गर आणि साय घोट. दही ताजं घे, आंबट दह्याने त्याचा घसा सोलून निघेल. साचा अर्धवट गोठला की मग काडी खोच, आणि काढताना नळाखाली धर. इतकी वर्षं संसार करतेस आणि हे मी अकोल्याहून सांगायचं!

आंब्याचं मात्र नाही. तू म्हणशील म्हातारी हट्टी आहे. पण आमचे वडील, दादा, आजारी होते तेव्हा त्यांनी मागितला म्हणून आईने अक्षय तिजेच्या आधी आंबा कापला. दादा त्याच आठवड्यात गेले. दत्ता तेव्हा पाळण्यात होता, त्याला काय माहीत? आई मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली, ते मी पाहिलंय. दुखण्याच्या घरात पितरांना दुखवू नये. मला भीती वाटते गं. पेटी भाभींना परत दे. तीज काही पळून जात नाही.

दत्ताला जप, आणि स्वतः दोन घास पोटभर खा. एवढं केलंस की मला सगळं पावलं.

तुझी,
कुसुमताई


बिबवेवाडी, पुणे
११ एप्रिल २०२४

ती. ताईस,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

पाडवा झाला. पूर्णिमाचं गारेगार तुझ्या कृतीने आता फार सुरेख होतं. मऊ, रवाळ नाही, घशातून अलगद उतरतं. दिवसभरात तेवढंच पोटात जातं, त्यामुळे घरातली सगळी बोलणी हल्ली फ्रीजरभोवती चालतात.

पण ताई, एक लिहितो. कालपासून चिकू आणि केळं मला सारखंच लागतंय. डॉक्टरांना लिहून विचारलं तर म्हणाले, शेकाने जिभेची चव जाते. काहींची पुढे परत येते. काहींची म्हणाले, सगळ्यांची नाही. आता गोड तेवढं कळतं, तेही थोडंसं.

तू ती पेटी परत पाठवायला लावलीस, पण आफताबने आता दुसरी आणून ठेवली. मला एकदा आंबा खाऊ दे. चव आहे तोवर. पितरांना कसली घाई आहे? मला आहे. लहानपणी मी आढीतला आंबा चोरला तेव्हा तू आईला सांगितलं नव्हतंस, तसंच आता पितरांना सांगू नकोस. पूर्णिमा तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि तिच्यामागे लपून खायला मला जमणार नाही. ती फार थकली आहे.

लगेच लिही. लोभ ठेव, आणि हो म्हण.

तुझा,
दत्ता


अकोला
१८ एप्रिल २०२४

चि. दत्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देवापुढे ठेवून रडले. पण हो म्हणायला हात धजत नाही. तुला काही झालं तर मी आईसारखी जगू शकणार नाही. तीज आली आहे, थोडीशीच कळ काढ. आपल्या परसातल्या झाडाचे आंबे उतरवून आढी घालते आहे, बसने पाठवीन. पितरांचा घास झाला की पुढचा तुझा. चव कुठे जात नाही रे, अशक्तपणाने तसं वाटतं. हे दिवस जातील.

मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. तुला माझं आयुष्य लाभो.

तुझी,
ताई


बिबवेवाडी, पुणे
१२ मे २०२४

ती. कुसुमताईंना,
पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे आंबे पोचले. तिजेला घागर भरली, आमरसाचं पान वाढलं, पितरांना दाखवलं. मग रसात चक्का घोटून गारेगार लावलं. भांड्याला उरलेलं मी चाखलं. ताई, असं माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

यांच्या हातात दिलं. डोळे मिटून सावकाश चोखत बसले आणि पाटीवर लिहिलं की आंबा एक नंबर, ताईच्या झाडाचाच. मी आनंदाने साचे धुवायला घेतले तर आंब्याचे सगळे साचे भरलेलेच होते. मी यांना आदल्या दिवशीची पपई दिली होती. रंग सारखा, माझ्या लक्षात आलं नाही. आणि यांच्याही नाही.

मी साचे परत फ्रीजरमध्ये ठेवले. नंतर आंब्याचं नेऊन दिलं. तेही तसंच खाल्लं, तसंच लिहिलं.

मार्चमध्ये पेटी दारात होती, ताई. तेव्हा यांना चव होती. मी ती पेटी परत केली. रोज देवापुढे म्हणते की तुमच्यावर राग धरणार नाही, आणि रोज धरते. तुमच्यापेक्षा जास्त स्वतःवर. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

वडीलधाऱ्यांना असं लिहू नये. लिहिलं गेलं. क्षमा असावी.

आपली,
पूर्णिमा


बिबवेवाडी, पुणे
२ जून २०२४

ती. ताईस,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

थोडंच लिहितो, लवकर थकतो. पूर्णिमाने तुला काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही, पण मी ओळखलं. पपईचं मला त्याच दिवशी कळलं. चवीने नव्हे, ती साच्यांकडे बघत उभी राहिली त्यावरून. आंबा पहिल्या घासाला ओळखायचा असं ठरवून बसलो होतो. वास तरी येईल वाटलं होतं. तोंडात नुसता गारवा होता.

आता गारेगारही उतरत नाही. ती करत राहते, मी हातात धरून बसतो आणि ते वितळतं. डॉक्टर नळीचं म्हणतात. मी नको म्हटलं.

माझा तुझ्यावर राग नाही. खोटं कशाला लिहू, थोडा आहे. पण तुझी भीतीही मला कळते. दादांना आंबा मिळाला होता हे मला माहीत नव्हतं. बरं झालं कळलं.

लोभ होताच. तो तसाच राहील.

तुझा,
दत्ता


अकोला
१४ एप्रिल २०२५

चि. पूर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

चि. लिहिल्यावर सवयीने पुढे सौ. लिहायला गेले आणि पेन थांबलं. श्रावणात तो गेला, पण हाताला अजून कळलेलं नाही. तेराव्याला तू माझ्याशी बोलली नाहीस. बरोबर केलंस. बोलली असतीस तरी मला ऐकू कुठे येतं?

आढी घातली आहे. आंबे उतरवताना झाडाखालीच बसून राहिले, माझ्याच्याने उठवेना. पण रीत आहे, ती करायला हवी. या तिजेला त्याच्या नावाची नवी घागर भरायची. तुझ्याकडून व्हायला हवं, म्हणून लिहिते. पहिला आंबा त्याला दाखव. तोवर घरात कुणी खाऊ नये. मीही खाणार नाही.

रागाच्या तळाशी काही माया उरली असेल तर उत्तर पाठव.

तुझी,
कुसुमताई


बिबवेवाडी, पुणे
२१ एप्रिल २०२५

ती. कुसुमताईंना,
पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे आंबे पोचले. घागर भरीन. पण यांना आंबा दाखवायला मी तिजेपर्यंत थांबले नाही.

मार्चमध्ये आफताबभाई पेटी घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. आत येऊ की परत जाऊ, त्यांना कळेना. मी पेटी घेतली आणि त्याच दिवशी आंबा कापला. चक्का आदल्या रात्रीपासून टांगलेला होता, का टांगला होता ते विचारू नका. तुमच्या कृतीने गारेगार केलं, काडी सरळ बसली. ताटलीत घालून यांच्या फोटोपुढे ठेवलं आणि पूर्ण वितळेपर्यंत समोर बसून राहिले. पिवळं पाणी ताटलीच्या काठापर्यंत आलं. काडी तेवढी उरली.

पितरांनी आधी खायचं, मग आपण, हीच रीत ना? मग आता यांना तीज लागत नाही, तुमची परवानगी लागत नाही आणि माझीही. आता घरात सगळ्यांच्या आधी यांचंच पान. गेल्या वर्षी एवढंच तर मागत होते.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. लिहिते.

पूर्णिमा