‘अ’पुढची दोन बोटं जागा

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
आज आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीवर, भर उजेडात, एका समासाची हत्या झाली. मारेकरी पेंटर. हत्यार दोन इंची ब्रश. मी त्याला कागदावर स्वच्छ अक्षरात ‘अविसर्ज्य’ लिहून दिलं होतं. त्याने भिंतीवर लिहिलं ‘अ विसर्ज्य’. मध्ये चांगली दोन बोटं जागा. नञ् समासातला ‘अ’ हा असा घराबाहेर काढून उभा करायचा नसतो, हे त्याला समजावलं. तो म्हणाला, साहेब, ‘अ’ काढल्यावर शिडी सरकवली, तिथे जरा जागा सुटली, एवढं चालतंय.

चालतंय!

पाटी पहिल्या टाकीच्या वरची. आम्ही नळाच्या तोट्यांना चकाकी देतो. क्रोमचा मुलामा दिला की तोट्या धुतात, ते विषारी पिवळं पाणी पहिल्या टाकीत येतं. दुसरीत औषधं घालून ते शुद्ध करायचं, तिसरीतून ओढ्यात सोडायचं. सगळे टाक्यांना अ, ब, क म्हणत. अधिकृत जागी ही बालवाडी मला सहन होईना, म्हणून जुनी अक्षरं पुसून घेतली आणि भारदस्त पाट्या योजल्या. पहिली ‘अविसर्ज्य’, म्हणजे सोडू नये अशी. दुसरी ‘संस्करणाधीन’, म्हणजे शुद्धीकरण चालू असलेली. तिसरी ‘विसर्ज्य’. मॅनेजर म्हणाले होते, सरळ ‘सोडू नका’ लिहा की. मी म्हणालो, साहेब, पाटी हा दस्तऐवज आहे.

पाटी पुन्हा रंगवून घ्यायची तर ‘पाटी-बदल प्रस्ताव’ भरावा लागतो. त्यावर तीन सह्या लागतात. ही पद्धत मीच बसवली आहे. ऑडिट अठराला. राहू दे. दोन बोटं जागेने कोणी मरत नाही.

पीएच ७.२.

४ मार्च, मंगळवार.
ऑडिटची भीती. दर वर्षी वाटते, तीच. पर्यावरण प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली ती अक्षर चांगलं म्हणून. संस्कृत घेऊन एम. ए. झालेला माणूस रसायनांच्या टाक्यांवर, यात मॅनेजरना काही वावगं वाटलं नाही. म्हणाले, ऑडिटर टाकी उघडत नाहीत हो, फाइल उघडतात.

संकल्प:
१) रोज सकाळी तिन्ही टाक्यांना फेरी.
२) पहिल्या टाकीच्या तळाला ओढ्याकडे जाणारा जुना व्हॉल्व्ह आहे, त्याला कुलूप. (रजिस्टरमध्ये ‘कुलूप लावले’ अशी नोंद डिसेंबरातच केली आहे. आता कुलूप आणायचं.)
३) पीएच मीटर दुरुस्तीला देणे. बिघडलेलं यंत्र गेल्या पावसाळ्यापासून ड्रॉवरात आहे.

मीटर नाही म्हणून नोंद थांबवता येत नाही. पाणी निर्मळ असेल तर आकडा सातच्या आसपास येतो. नुसता सात लिहिला तर आळशी दिसतो. सात पूर्णांक दोन मोजल्यासारखा दिसतो.

पीएच ७.२.

६ मार्च, गुरुवार.
पंपावरचा जुना माणूस आजपासून तीन आठवडे रजेवर. गुडघ्याचं ऑपरेशन. बदली म्हणून पॅकिंगमधला एक गृहस्थ दिला आहे. वय पन्नाशीचं, अत्यंत आज्ञाधारक. काहीही सांगा, ‘बरं साहेब’ म्हणतो. मी त्याचं नावच बरंसाहेब ठेवलं.

सकाळी त्याला प्रशिक्षण दिलं. बारा मिनिटं. फॉर्मवर ‘दोन तास’ लिहिले, कारण फॉर्ममध्ये बारा मिनिटांना चौकोन नाही. त्याला बजावलं, इथे स्वतःची अक्कल चालवायची नाही. पाटी वाचायची, पाटीप्रमाणे करायचं. त्याने विचारलं, विसर्ज्य म्हणजे काय? मी धातूपासून सुरुवात करणार होतो, पण मॅनेजरांनी हाक मारली. घाईत म्हणालो, सोडण्यायोग्य.

बरं साहेब, म्हणाला.

फेरी उद्यापासून. आज बूट नवे आहेत.
पीएच ७.२.

९ मार्च, रविवार. दुपारी.
ताईकडे जाऊन आलो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, ती सतराची. तिने मला वाढवलं, शिकवलं, आणि मी श्लोक म्हणायला लागल्यावर ‘पंडित’ म्हणून चिडवायलाही तीच लागली. अजून थांबलेली नाही. तिचं घर कारखान्याच्या खालच्या अंगाला, ओढ्यापासून वीस पावलांवर. आवारात विहीर. नळ आहे, पण त्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणते. घरात पाऊल टाकलं की आधी विहिरीच्या पाण्याचा पेला हातात. मी तो रिकामा केल्याशिवाय ती बोलायला सुरुवात करत नाही.

आज म्हणाली, पंडिता, ओढा दोन-तीन दिवस पिवळट दिसतो रे. मी म्हणालो, वरच्या अंगाला झाडांची पानगळ चालू आहे, शिवाय माती. ती म्हणाली, पानगळ मी साठ वर्षं बघतेय, तिने ओढा रंगवलेला बघितला नाही. मी म्हणालो, आमच्या कारखान्याचा पीएच सात पूर्णांक दोन आहे. तिने विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, निर्मळ. तिला समाधान वाटलं. मलाही वाटलं.

पाणी नेहमीसारखंच गोड.

११ मार्च, मंगळवार.
आनंदाची बातमी! पहिल्या टाकीची पातळी निम्म्यावर आली आहे. (फेरी झालेली नाही. पातळी-काटा माझ्या खिडकीतून दिसतो.) म्हणजे धुण्यासाठी पाणी कमी वापरलं जातंय. मी गेल्या महिन्यात ‘पाणी जपून वापरा’ अशी सूचना लावली होती, तिचा हा परिणाम. शब्दांत शक्ती असते हे मी किती वर्षं सांगतोय.

मॅनेजरना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, सांडपाण्यात घट! तक्ता करा, रंगीत करा. केला. खाली उतरणारी हिरवी रेघ. पाहत राहावी अशी.

ऑडिटची भीती थोडी कमी.
पीएच ७.२.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ३.
ताईचा फोन. पांढरे परकर विहिरीच्या पाण्यात भिजवले तर पिवळे निघाले. म्हणाली, तुझ्या त्या पानगळीला सांग, माझे कपडे सोड. मी हसलो. तीही हसली. मग म्हणाली, आणि बेडूक गप्प आहेत रे, चार दिवस झाले, एक आवाज नाही.

बेडूक गप्प राहण्याची शंभर कारणं असू शकतात. तीन मला लगेच सुचली. फोन ठेवल्यावर एकही आठवेना.

डबा उघडला. खाववेना. परत झाकला.

पीएच दाखवणाऱ्या रंगपट्ट्या काढून ओढ्याचं पाणी तपासावं म्हणून कपाट उघडलं. पट्ट्यांची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. मुदत संपलेल्या पट्टीने तपासणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ती मी करणार नाही. नव्या पट्ट्यांची मागणी लिहिली, उद्या देईन.

पहिल्या टाकीचा काटा तळाला आहे. एवढी बचत? हिरवी रेघ तक्त्याच्या बाहेर जाते आहे. तिच्याकडे आज बघवलं नाही.

पीएच. लिहिताना हात थांबला. मग लिहिलं. ७.२.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ९.४०.
फेरीला गेलो. पहिल्यांदा.

बरंसाहेब पहिल्या टाकीपाशी उकिडवा बसून जुना व्हॉल्व्ह फिरवत होता. मोठ्या काळजीने, बरणीचं घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तसा. खाली पाइपातून पिवळं पाणी ओढ्यात पडत होतं. आवाज अगदी मंजुळ.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, त्यात व्याकरण नव्हतं. तो घाबरून उभा राहिला. म्हणाला, साहेब, पाटीप्रमाणेच करतोय. मी म्हणालो, कुठे लिहिलंय? त्याने वर बोट दाखवलं. वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा: अ. विसर्ज्य. म्हणाला, ‘अ’ टाकी सोडण्यायोग्य, तुम्हीच सांगितलंत की. तिसरीवर नुसतं विसर्ज्य, म्हणून तीही सोडतो. रोज दोन्ही. एक दिवस चुकवला नाही साहेब, रविवार सोडून.

सहा तारखेपासून. मी बोटांवर मोजलं. नऊ दिवस.

व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला. हात पिवळा झाला. साबणाने तीनदा धुतला. चौथ्यांदा धुताना आठवलं की गेल्या रविवारी मी तो पेला रिकामा केला होता.

तो मागे येऊन उभा होता. विचारलं, साहेब, माझं काही चुकलं का? मी म्हणालो, नाही. हे एवढंच आज खरं बोललो. मग म्हणालो, हे कोणाला सांगू नकोस.

बरं साहेब.

त्याच दिवशी, १२ वाजता.
संकल्प: मॅनेजरना ताबडतोब सांगणे. गेलो. मीटिंगमध्ये होते. बाहेर वीस मिनिटं बसलो. मीटिंग संपली तेव्हा मी जागेवर नव्हतो.

ताईला फोन केला. सांगायचं ठरवूनच केला. तोंडातून निघालं ते असं: या दिवसांत विहिरीचं पाणी जड असतं म्हणतात, थोडे दिवस नळाचं पी. ती म्हणाली, कोण म्हणतात? मी म्हणालो, असं शास्त्रात आहे. ती म्हणाली, शास्त्राला माझ्याकडे पाठव, पेलाभर देते, मग बघू जड की हलकं.

१७ मार्च, सोमवार.
पेंटरला बोलावून पाटी पुसली. प्रस्ताव भरला नाही. ‘सोडू नका’ लिहायला सांगितलं. त्याने शिडी न सरकवता एका दमात लिहिलं. वर म्हणाला, हे सोपं होतं की साहेब, आधीच सांगायचं.

कुलूपही लावलं. किल्ली खिशात आहे. सारखी चाचपतो.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये शेवटी गेलोच. म्हणालो, साहेब, पहिल्या टाकीबद्दल थोडं बोलायचं होतं. ते म्हणाले, तक्ता ना? फर्स्ट क्लास. मी म्हणालो, तक्त्याबद्दलच, ती घट खरं म्हणजे… त्यांनी हात वर केला. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, जे काय असेल ते ऑडिटनंतर बोलू. म्हणजे त्यांना कळलं? की काही कळू नये एवढंच कळलं? मी बाहेर आलो आणि मला हलकं वाटलं. लाज वाटायला जिन्यापर्यंत वेळ लागला.

पीएच ७.२.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.
ऑडिट झालं.

ऑडिटरबाई. साखळीचा चष्मा, कमी बोलणाऱ्या. मी सकाळपासून चार वेळा बाथरूमला गेलो. त्यांनी पीएचचं रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटलं. सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक दोन. म्हटलं, आता विचारतील. मनातल्या मनात विनवलंही, विचारा बाई, एकदा विचारा. मी पाय धरून सगळं सांगतो.

त्या म्हणाल्या, प्रक्रिया फारच स्थिर आहे.

मग हिरवी रेघ पाहिली. माझ्यादेखत मॅनेजरांना म्हणाल्या, सांडपाण्यात अशी घट मी फार कमी ठिकाणी पाहिली. मग टाक्यांपाशी गेल्या. बरंसाहेब ताठ उभा. त्याला विचारलं, काम कसं करता? तो म्हणाला, पाटी वाचून. बाई खूश. कामगारांना समजेल अशा साध्या भाषेतल्या पाट्या, असा खास उल्लेख अहवालात करणार आहेत.

त्रुटी: शून्य.

फोटो काढला. मी मधोमध. उजवा हात खिशात, किल्लीवर. मॅनेजरांनी पाठीवर थाप मारली. ऑडिटनंतर बोलू म्हणाले होते. बोलले: पुढच्या वर्षीही तुम्हीच.

आज झोप लागायला हवी.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी.
अर्धी रजा टाकून ताईकडे गेलो. दोन मोठे कॅन पाणी घेऊन. ती दारातच म्हणाली, हे काय, लग्न आहे का कुठे? मी म्हणालो, ऑफिसात जास्तीचं होतं. तिने कॅन ओट्याखाली सरकवले आणि विहिरीच्या पाण्याचा पेला हातात दिला.

उजेडासमोर धरला. पिवळेपणा आता जवळजवळ नाही. जवळजवळ.

ती बोलायला थांबली होती. म्हणाली, पी की. मी म्हणालो, तहान नाही. साठ वर्षांची बाई, तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. विचारलं, तू मोजलंस ना रे पाणी? तुझं कामच ते. मी म्हणालो, मोजलं. किती? सात पूर्णांक दोन. म्हणजे निर्मळ ना, म्हणाली, आणि माझ्या हातातला पेला घेऊन अर्धा स्वतःच प्यायली. घशाखाली उतरताना दिसला. मग पदराने तोंड पुसत सांगायला लागली, चार दिवस पोट बरं नाही, जिभेला कसली तरी धातूची चव येते, वय झालं आता.

मी सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, काय? मी म्हणालो, काही नाही, ऑडिट चांगलं झालं. ती इतकी खूश झाली की शेजारणीला हाक मारून सांगितलं, आमच्या पंडिताला पाण्याचं बक्षीस मिळालं म्हणून.

घरी आलो. सवयीने आकडा लिहायला पेन उचललं.

पीएच:

जागा रिकामी ठेवली आहे. मी पाणी मोजलेलं नाही. आज नाही, या महिन्यात नाही, पावसाळ्यापासून एकदाही नाही. ऑडिटची भीती वाटते असं इतके दिवस लिहीत आलो, ती भीती काल संध्याकाळी सहाला संपली. मला भीती वाटते ती ताईची. ती नऊ दिवस ते पाणी प्यायली, अजून पिते आहे, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून पिते आहे, आणि मी तिला सांगितलेलं नाही.