एक दिवस जास्त

चंपाषष्ठी, शिरपूर. संध्याकाळ.

अजून डोक्यातून जात नाही. वांग्याच्या भरताबरोबर प्यायला मी स्वतः बनवलेली ज्वारीची बिअर पुण्याहून आणली होती. बाबांच्या ग्लासात ओतत होतो. आई दारूला शिवत नाही. भाकरी थापता थापता तिने लांबूनच वास घेतला. म्हणाली, "हाई ते बिबड्यासनं पीठ शे. ज्वारी एक दिन जास्ती भिजनी."

एक दिवस! खरंच तेवढीच जास्त भिजली होती. मी काम करतो त्या ब्रुअरीच्या मालकाला कळलं नाही, चव घेणाऱ्या चौघांनाही नाही. आई दर उन्हाळ्यात बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी आंबवते, एवढंच. मी सहा वर्षं दुसरं काय शिकतोय?

तिने घोटही घेतला नाही. आणि तो एक दिवस मी कामाच्या वहीतसुद्धा लपवला होता.