डासांचं गवत

इंदिरानगर, नाशिक

प्रिय रोशनी,

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र. तुझ्या वडिलांनी ते न फाडता तुझ्या हातात दिलं असेल, तर त्यांचे उपकार.

आधी एक बातमी ऐक आणि पोटभर हस. बाल्कनीतला माझा गवती चहा हा गवती चहा नाहीच. परवा सिन्नरकडचे भिमाजी माळी कुंड्यांची माती बदलायला आले होते. त्यांनी एक पात चुरगळून हुंगली, लालसर बुडखा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा चहा नाय. डासांचं गवत हे, डास पळवायला लावतात. खऱ्याचा बुडखा पांढरा राहतो." मी त्यांच्याशी भांडलेच. सात वर्षं घरादाराला पाजलाय, मला शिकवू नका म्हटलं. ते गेल्यावर तुझ्या सासऱ्यांनी पेपरामागूनच सांगितलं की त्यांना तो पहिल्या दिवसापासून साबणासारखा लागत होता. मग बोलला का नाहीत, तर म्हणे, तू एवढ्या हौसेने करायचीस.

तुलाही कळलं होतं ना? नामपूरला तुमच्या मागच्या दारी खऱ्या गवती चहाचा केवढा ठोंब आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुला सर्दी झाली. मी आलं, गूळ आणि चार पाती उकळून कप दिला. एक घोट घेऊन तू जराशी थांबलीस, मग सगळा संपवलास. मला वाटलं, आवडला. त्यानंतर ताप असो, पोटदुखी असो, पाळीची कळ असो, तुझ्या प्रत्येक दुखण्याला मी तेच गवत उकळलं आणि तू कप विसळून पालथा घालत राहिलीस.

आपल्या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा. दिवाळीत तुझ्या मनगटावर बोटांचे वळ होते. बांगड्या त्यावर सरकवून तू चकल्या पाडत होतीस. मी ते पाहिले. काढा केला, कप तुझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, डोकं दुखत असेल, पी, बरं वाटेल. तुझं डोकं दुखत नव्हतं, रोशनी, आणि ते मला ठाऊक होतं. संक्रांतीला तुझ्या कानाखाली सूज होती, तेव्हाही मी गॅसवर पाणीच ठेवलं. तो चहा अस्सल असता तरी त्याने धनराजचा हात थांबला नसता. माझ्या पोटच्या मुलाचा हात मीच धरायला हवा होता, आणि मी पाती कापत बसले. मला त्याची लाज वाटते. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव.

काल धनराज तुझ्या केसमध्ये द्यायला वकिलाने लिहिलेला कागद घेऊन आला. त्यात माझ्या नावाने लिहिलंय की सून सुखात होती, घरात कधी आवाजही चढला नाही, ती उगाच रुसून माहेरी गेली. खाली फक्त माझी सही हवी होती. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कागद त्याला परत दिला. तू माझी आई आहेस की तिची, असं विचारून तो दार आपटून गेला. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू झाले. म्हातारपणी तुला कोण बघणार, असंही माझ्या नणंदेने विचारून घेतलं. ते माझं मी बघेन. अठरा तारखेला कोर्टात मी तुझ्या बाजूने उभी राहणार आहे. मनगट आणि कान, दोन्ही सांगणार आहे, कुठला सण होता त्यासकट. तुझ्या वकीलबाईंना हे पत्र दाखव. कुंडी मी रिकामी केली आहे. त्या दिवशी नामपूरहून पांढऱ्या बुडख्याचं एक रोप आण. परत नांदायला ये असं मी म्हणणार नाही, कोर्टाच्या दारातच दे. आणि यापुढे माझ्या हातचं काही वाईट लागलं तर गिळू नकोस. थुंकून टाक आणि माझ्या तोंडावर सांग.

तुझीच,
इंदिरानगरची आई