कागदाचे फ्रॉक

बाई, तुमच्या वर्गात मी वर्षभर कणकेची खळ शिजवली. पातळ नको, गुठळी नको, कागदाला धरेल पण कागद भिजणार नाही अशी. शिवणाच्या वर्गात जाऊन मुलीनं खळ शिजवायला शिकावं, हे तुम्हीच करू जाणता. आणि तीही मला आधीपासून येत होती. आम्ही विणकर, सुताला खळ देण्यातच माझं लहानपण गेलं. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असं माझी आई सांगायची, म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसून पाहिलं. जमत नाही.

सक्करदऱ्याच्या तळ्याजवळचा तो हॉल अजून डोळ्यांसमोर येतो. बाहेर पाटी, स्त्रियांना स्वावलंबी करणारा वर्ग. आत भिंतीला लागून शिवणयंत्रं उभी, सगळ्यांवर भरतकामाची झाकणं. आमचं काम सकाळी ती झाकणं झटकून पुन्हा घालायचं. मग आम्ही जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रातून झबली, टोपडी, परकर, फ्रॉक कापायचो, सगळे पाव मापाचे, आणि फाईलमध्ये चिकटवायचो. तुम्ही खुर्चीवरून सांगायचात, ‘‘कडा स्वच्छ हव्यात मुलींनो. पाहायला आले की फाईल पुढे करायची, म्हणजे मुलगी गुणाची आहे हे कळतं.’’ माहेरी तुमच्याकडे शिंपी घरी येऊन बसायचा, हे त्या खुर्चीवरून आम्ही किती वेळा ऐकलं असेल! कापडाला हात लावायचं नाव काढलं की तुमचं ठरलेलं, ‘‘कापड महाग असतं.’’ जणू आमच्या घरी कापड कोणी पाहिलंच नव्हतं.

मला गुणाची ठरायचं नव्हतं. मला पारशिवनी टाळायची होती. तिथलं स्थळ सांगून आलं होतं, शेती होती, दोन मुलं होती, बायको नुकतीच गेलेली. बाबांचा माग महिन्यातले निम्मे दिवस बंदच असायचा, त्यामुळे नाही म्हणायची त्यांची ऐपत नव्हती. तरी ते मला म्हणाले, ‘‘शिकून घे वं. पण होळीपर्यंत तुह्या हातचं काम बाजारात गेलं नाही, तर पारशिवनीले हो म्हणून टाकतो. मंग रडू नको.’’ माझं सगळं तुमच्या त्या वर्गावर टांगलेलं होतं, बाई. मी तुम्हाला हे सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘अगं, शेती आहे ना?’’

मग प्रदर्शन आलं. कागदाचे फ्रॉक पाहुण्यांना कसे दाखवणार? तुम्ही एका शिंप्याकडून खरे कपडे शिवून आणले आणि प्रत्येकावर आमच्यापैकी एकीच्या नावाची चिठ्ठी टाचलीत. माझ्या वाट्याला फुग्याच्या बाह्यांचा पिवळा फ्रॉक आला. प्रमुख पाहुण्यांनी तो हातात घेऊन फिरवला, तुम्ही मान तुकवून स्तुती स्वीकारलीत. पण पाहायला आलेला इतवारी बाजारातला एक कापडवाला थेट माझ्यापाशी आला. ‘‘ये तूने सिला, बेटी? होळीसाठी असेच डझनभर पाहिजेत. उद्या दुकानात ये, कपडा घेऊन जा.’’ मी हो म्हटलं. मला खरंच वाटलं होतं, बाई, की जमेल. तोच फ्रॉक फाईलमध्ये मी कागदाचा केला होता. चारपट मोठा केला की झालं!

शेजारच्या काकूंचं मशीन मागून घेतलं. चारपट मोठा कापला, रेषेला रेष लावून शिवला. काकूंच्या मुलीच्या अंगात घालायला गेले तर तो काखेत अडकला आणि ती भोकाड पसरायला लागली. काकू तिला सोडवता सोडवता म्हणाल्या, ‘‘काय शिकून राहिली वं तू तिथं?’’

उरलेलं कापड घेऊन मी तुमच्याकडे धावत आले. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही चिडून म्हणालात, ‘‘काहून घेतलं हे काम? कोणाले विचारलं होतं?’’ मी म्हटलं, ‘‘बाई, एक कापून दाखवा. बाकीचे मी पाहून घेते.’’ तुम्ही कात्री उचललीत. कापडावर खडूची रेघ होती, कात्रीचं टोक रेघेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. तुमच्या वरच्या ओठावर घाम आला होता. कापड सुळसुळीत आहे, उद्या पाहू, असं म्हणून तुम्ही कात्री खाली ठेवलीत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला शिवता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं नाव काढून टाकलंत, ‘‘ही संस्था आहे, शिंप्याचं दुकान नाही,’’ असं सगळ्या मुलींसमोर ऐकवून. शिंप्याचं दुकान असतं तर बरं झालं असतं हो. तिथे निदान काम शिकवतात.

जाताना मी तो पिवळा फ्रॉक उचलून नेला. नाव माझंच होतं त्यावर. घरी येऊन बाबांच्या बंद मागाशेजारी बसले आणि टाका न् टाका उसवला. फ्रॉकचे तुकडे सुटे होऊन पुढ्यात पडले, तेव्हा दिसलं की प्रत्येक तुकड्याच्या कडेनं शिलाईत दडपलेलं दोन बोटं कापड जास्तीचं होतं. तुमच्या वर्गात हे जादा कापड कधी कोणी सोडलं नाही. कागद चिकटवायला ते कशाला लागतं? त्याच तुकड्यांवरून मी बाकीचे फ्रॉक कापले. होळीच्या आधी ते इतवारीत टांगलेले होते. बाबा जाऊन पाहून आले, पारशिवनीला नकाराचा निरोप धाडला आणि मला म्हणाले, ‘‘पिवळा नाही दिसला वं त्यात. सारे तुह्याच हातचे.’’

आता इतवारीतच माझा कारखाना आहे. तुमच्यासारख्या वर्गांतून मुली येतात, प्रमाणपत्र पदराखाली जपत. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे कापड टाकते आणि हातात कात्री देते. परवा एकीचा हात असाच रेघेवर थांबला. ‘‘बिघडलं तर, ताई?’’ मी म्हटलं, ‘‘बिघडव. कापड माझं आहे.’’ तिनं कापलं, वाकडंच कापलं, आणि हसली.

घरी जाताना वाटेत विचार आला की तुम्हाला ‘बिघडव’ असं कधी कोणी म्हटलं असेल का? म्हटलं नसणार. हे मला परवाच सुचलं असंही नाही, तो ओठावरचा घाम पाहिला तेव्हापासून आत कुठेतरी माहीत आहे. पण ते मान्य केलं की तुमची दया येईल, आणि तुमच्यावरच्या रागानं मी फार चांगलं काम करते, बाई. तेव्हा हे पत्र इथेच फाडते.