हिरवी टाचणी

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे भावोजींच्या पायाचं माप घेऊन विणलेस का गं? एकेका मोज्यात माझे दोन्ही पाय मावत होते. त्यांचं काय झालं ते शेवटी सांगते. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून काही म्हणत नाही.

दवाखान्याच्या दोन्ही खोल्यांना रंग देऊन झाला. तपासणीचं टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे. औषधांच्या पेट्या आल्या. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते, आता त्याही त्या हाकेला ओ देतात. त्यांनी खिडक्यांना पडदे शिवून दिले. मिशनच्या सेक्रेटरींना फोटो हवेत ना, पडद्यांचे पाठवीन.

उद्घाटन कसं झालं, असं तू विचारलंयस.

आपल्या माणसांना जिथे प्रवेश नाही त्या देशांना तू नकाशावर लाल टाचण्या लावायचीस आणि दर शुक्रवारी आपण सगळ्या त्यासमोर प्रार्थनेला उभ्या राहायचो. या देशासाठी किती वर्षं मागितलं आपण! इथलं सरकार पडल्याची बातमी आली, तशी तू चष्मा न लावताच स्टुलावर चढलीस आणि हिरवी टाचणी आधी समुद्रातच टोचलीस. केवढ्या हसलो होतो! नव्या सरकारला बाहेरच्यांशी मैत्री हवी होती, नर्स हव्या होत्या. माझे कागद बघता बघता झाले. "प्रभूनेच केलं," तू म्हणालीस. मीही म्हणाले.

उद्घाटनाला मी तीच साक्ष दिली. जुनी राजवट मोडावी म्हणून आमची मंडळी दर शुक्रवारी प्रार्थना करायची, प्रभूने ऐकलं, त्याचे आभार. सगळं सवयीने तोंडात आलं. शाळेतले मास्तर माझं बोलणं इथल्या भाषेत सांगत होते. 'आभार' म्हणताना ते अडखळले. पहिल्या रांगेत बसलेल्या जिल्ह्याच्या साहेबांनी मान डोलावली. मावशी मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांना घेऊन आल्या.

"त्या विचारताहेत," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकार पडावं म्हणून मागितलंत, तेव्हा त्याखाली कोण सापडेल याचंही काही बोलला होतात का देवाशी?"

मावशींचा मुलगा जुन्या मंत्र्याची गाडी चालवायचा. एवढाच त्याचा गुन्हा. सरकार पडलं त्याच आठवड्यात त्याला उचलून नेलं. कुठे ठेवलंय, आहे की नाही, कोणी सांगत नव्हतं. मी झोपते ती खोली त्याची, ताई. खुंटीवरचा कोट त्याचा. मी त्याच्यावर माझी ओढणी अडकवायचे.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं.

"मग आता झालं माहीत," मावशी म्हणाल्या, आणि राहिलेल्या पडद्याला टाके घालायला बसल्या.

इतका वेळ टाळलं ते आता लिहिते. मी साहेबांकडे गेले. आपली परवानगी त्यांच्याच सहीची, हे ठाऊक असून गेले. मास्तर वाटेत सारखे म्हणत होते, "बाई, परत फिरा. तुमचा दवाखाना जाईल आणि माझी नोकरी." पण आले बिचारे.

साहेब फार मऊ बोलतात. त्यांनी चहा मागवला. "आम्ही तुम्हाला आत घेतलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही आमच्याच घरात काय चाललंय ते विचारता?"

"ड्रायव्हर आहे हो तो, साहेब. आई वाट बघतेय त्याची."

"ठरवा. पेशंट बघायचेत की हे करायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं. ते हसले. चहा मात्र संपवू दिला.

परवा दवाखान्याला कुलूप लागलं. पेट्या आतच आहेत. मला महिनाअखेर देश सोडायचा आहे. फोटो पडद्यांचे का, ते आता कळलं ना? पेशंट एकही बघितला नाही, ताई. सेक्रेटरी चिडतील. मंडळीला काय सांगायचं ते तू बघ. मास्तरांना अजून कोणी काही विचारलेलं नाही, पण ते आता रस्त्यात माझ्याशी बोलत नाहीत. मावशींचं-माझं खुणांवर आणि मी शिकलेल्या चार शब्दांवर चालतं.

काल मावशींना कचेरीतून बोलावणं आलं. मुलगा जिवंत आहे. भेट नाही, पण त्याच्यासाठी दिलेले कपडे ठेवून घेतले. मावशींनी तो कोट नेला आणि सोबत तुझे मोजे. नेण्याआधी त्यांनी मोज्यात हात घालून बघितला आणि म्हणाल्या, "बसतील त्याला." तू मोठे विणलेस ते बरंच झालं.

हिरवी टाचणी काढायला स्टुलावर चढू नकोस. राहू दे तिथेच. या शुक्रवारी तिच्यासमोर उभ्या राहून एवढंच मागा, या बाईचा मुलगा घरी येऊ दे. राजवट कुठलीही असो.

मावशी विचारत होत्या, "तुझी बहीण मागते ते खरंच मिळतं?" मी हो म्हणून बसले आहे.

तुझ्या भरवशावर शब्द देऊन बसलेली,
तुझी धाकटी