जिन्यातली काच

रविवार, जेवणं उरकल्यावर

चि. हातोडीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. तूही ठीकच असशील, लोकांच्या भिंती ठोकत. अक्षर पाहून दचकू नकोस. तुझी आई तिच्या आईला बघायला गेलीय, म्हणून मिळेल त्याला धरून लिहायला बसवलंय. कोण ते विचारू नकोस. सांगते तेवढं लिहितो आणि मधेमधे सुस्कारे टाकतो.

इकडची ताजी खबर म्हणजे, समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतःची दाढ दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन काढून आणली. झालं! आता निम्मी गल्ली तिकडेच जाते.

शाळांच्या इमारती भूकंपात उभ्या राहाव्यात म्हणून तू इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलीस, त्याचं पदक मिळालं ना? तुझा बाप समारंभाला आला नाही, पण फोटो दुकानात लावलाय. गिऱ्हाईक रंगाचा डबा मागायला आलं की त्याला आधी फोटो बघावा लागतो.

“आई, हे कशाला लिहायचं?”

“तू लिही रे. पत्र माझं आहे.”

तुम्हा बापलेकीचं भांडण मला कधी कळलंच नाही. तो म्हणाला, गच्चीवर मजला चढवतो. तू म्हणालीस, “बाबा, खालच्या दुकानाचे खांब बारीक आहेत, मी नकाशावर सही करणार नाही.” तो म्हणाला, “जगाला वाचवते आणि बापाला आडवी येते!” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्याने हट्टाने विटा आणून गच्चीवर रचून ठेवल्या. सही काय, दुसरा कुणी देईल म्हणे.

जाताना तू जिन्यातल्या भिंतीच्या चिरेवर काचेची पट्टी बसवलीस, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. मला म्हणालीस, “आजी, काच शाबूत आहे तोवर चीर झोपलीय समज. तडकली की कळव.” तुझा बाप हसला होता, “भिंतीला चष्मा लावून गेली!” मी मात्र येता-जाता बघायची. अक्षर नाही वाचता येत, काच येते.

तर कळवते. तशी फार मोठी गोष्ट नाही. मंगळवारी दुपारी जमीन जराशी हलली. भांडी वाजली, मांजर कपाटावर गेली, मी तू शिकवलंस तशी टेबलाखाली. आत पटकन गेले गं, बाहेर काढायला दोघं लागली.

काच तडकली.

तुझा बाप तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग वर गेला आणि विटा खाली आणायला लागला. मी म्हटलं, “अरे, हमाल लाव.” तर म्हणे, “मी चढवल्यात, मीच उतरवणार.” संध्याकाळपर्यंत कंबर धरली. अर्ध्या विटा अजून वरच आहेत. घराला कुलूप लावून आम्ही समोरच्या डॉक्टरांकडे मुक्कामाला आलोय. बिचारे रोज आशेने माझ्या तोंडात डोकावतात आणि निराश होतात. एक तरी दात हवा ना!

तर उशीला टेकून लिहितोय तो तोच. तू अक्षरावरून केव्हाच ओळखलं असशील. आत्ता पेन थांबलंय. “लिही,” म्हटलं. लिहितोय.

तो विचारणार नाही, म्हणून मी विचारते. ते खांब जाड करून घेता येतात का? घर राहील का जाईल, ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय. दुसरा इंजिनिअर बोलवू म्हटलं, तर हाच माझ्यावर ओरडला, “घरची असताना दुसरा कशाला?” त्याने हे वाक्य आत्ता खोडलं होतं. मी पुन्हा लिहायला लावलंय.

हातोडी घेऊन ये.

तुझी वाट बघणारी,
आजी
(हा अंगठा. दुकानातल्या निळ्या रंगाचा, धुऊन जात नाही.)

ता. क. हे आजीने सांगितलेलं नाही. गाडी कळव, स्टेशनवर मी येतो. कंबर बरी आहे.
— बाबा