खिशातला लाल दिवा

मंगळ., २३ नोव्हें. १९७१
मेहुण्याला, मधूला, दवाखान्यातून कांचघर वस्तीतल्या घरी आणलं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. कुसुम त्याला भात भरवत होती, सत्तावीस वर्षांच्या धाकट्या भावाला. मध्येच मला म्हणाली, "काहून हो, तुम्ही तिथंच होते न?"
होतो. विजेच्या सेटला चिकटलेला त्याचा हात सुक्या फळीनं मीच झटकून सोडवला. पण फळी सापडेपर्यंत...
सेटचा दिवा मीच काढला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरु., २५
कारखान्याच्या फोरमन खानझोडेचा रिपोर्ट आला. "कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा." नालायक माणूस! ब्लॅकआउटची तालीम सुरू झाली तेव्हा यानंच फर्मावलं, चार्जिंग रूमचा लाल दिवा खिडकीतून दिसतो, काढून टाक. म्हटलं, साहेब, बॅटऱ्या चार्ज करायचा सेट चालू की बंद ते त्या दिव्यावरूनच कळतं, स्विच भिंतीपलीकडे आहे. खिडकीला काळा कागद लावू. "लढाई तोंडावर आली अन् तुले कागद सुचून राहिला?" लेखी काही नाही. दिवा काढून शर्टाच्या खिशात टाकला, तो अजून खिशातच आहे. सेट तापतो म्हणून खुंट्यांवरचं झाकणही महिनाभर काढलेलं. बॅटरीवर चालणारे छोटे ट्रक कारखान्यात दिवसभर माल ओढतात, सेटला उसंत नाही.
मधू आठ दिवस रजेवर होता. शनिवारी सकाळी आला, दिवा लागलेला नाही असं पाहिलं, म्हणजे सेट बंद. चार वर्षांची सवय. तारा जोडायची पितळी खुंटी आवळायला गेला. दिवा काढल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.
६ तारखेला चौकशी. हलगर्जीपणा ठरला की मधूची नोकरी गेली.

शुक्र., २६
आज फोरमनची पूजा. दर शुक्रवारी सकाळी येतो. चपला बाहेर, पाय धुतलेले, ओले. एका हातात तांब्या, दुसऱ्यात कुंकू. सेटच्या दोन्ही खुंट्यांना टिळा लावतो. सेटवरच्या पाटीला लावलेला टिळा त्याच्या देवाला चालत नाही.
गेली तीन वर्षं तो यायच्या आधी पलीकडचा स्विच मी बंद करतो. दिवा होता तेव्हा विझलेला दिसायचा, पण सेट कोणी बंद केला याचा त्याला पत्ताही नाही. त्याला वाटतं, देव सांभाळतो.
आज मीही हात जोडून मागे उभा होतो. मनात एकच. एखाद्या शुक्रवारी विसरलो तर?

सोम., २९
तो विचार जात नाही. जावा असं वाटतही नाही.
आमच्याच रूममधल्या रामसेवकला विचारलं, चौकशीत दिव्याचं सांगशील का. "भैया, बाल-बच्चेवाला आदमी हूँ। साहब ने मेरे सामने तो कहा नहीं।" खरं आहे. हुकूम फक्त माझ्या कानांनी ऐकला. आणि मी पडलो मधूच्या बहिणीचा नवरा, माझं कोण खरं मानणार.
फो.ला तडफडताना पाहायचंय. लिहून टाकलं. लिहिल्यानं हलकं वाटतं म्हणतात. नाही वाटलं.

गुरु., २ डिसें.
मधू शर्टाची बटणं लावून पाहत होता. एक लागलं नाही. "भाऊजी, दिवा लागलेला नव्हता हो. पाहूनच हात लावला." रोज हेच म्हणतो.
आज सांगून टाकलं, दिवा मीच काढला, फो.च्या हुकमानं. मधू भिंतीकडे तोंड करून झोपला. कुसुम भाजी चिरायची थांबली. मला वाटलं आता माझ्यावर येणार. म्हणाली, "मंग त्याले सोडू नका."
उद्या शुक्रवार.

शुक्र., ३
सकाळी स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. शेवटी बंद केला. दया वगैरे काही नाही. मधूच्या घशातून निघालेला तो आवाज पुन्हा ऐकायची ताकद नव्हती, एवढंच.
रूममध्ये रामसेवक आणि आणखी तिघं. फो. ओल्या पायांनी आला. कुंकवाचं बोट खुंटीपासून वीतभर असताना मी ओरडलो, "साहेब, चालू आहे!"
तांब्या पडला. पाणीच पाणी. आणि फो. सगळ्यांदेखत: "चालू कसा? दिवा तर लागलेला नाही!"
म्हटलं, "मधूही हेच म्हणून राहिला."
खिशातून दिवा काढला, त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. तुम्हीच काढायला सांगितला होता." तो नाही म्हणाला नाही. त्याची बोटं दिव्याभोवती बरोबर मिटली. फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

रवि., ५
लढाई लागली. सगळ्यांच्या रजा रद्द. चौकशी पुढे ढकलली, केव्हा ते कोणी सांगत नाही. काल रामसेवक जाता जाता हळूच बोलला, "भैया, सुना तो हमने भी।" चौकशीत बोलेल का, ते विचारलं नाही.
दुपारी फो.ची बायको घरी आली. कमानिया गेटच्या बाजारातली खव्याची जलेबी, सुतळीनं बांधलेला डबा. कुसुमपुढे हात जोडले. "तुमच्या यजमानांनी माझं कुंकू राखलं." मी विचारलं, साहेब चौकशीत काय सांगणार? म्हणाल्या, "ते घरी कामाचं बोलत नाहीत." मधूच्या हाताकडे एकदा पाहिलं, मग पाहिलंच नाही.
मधू डाव्या हातानं सुतळी सोडत बसलाय. कुसुम मदतीला गेली तर "राहू दे" म्हणाला.
स्विच बंद होता, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कुसुमलाही नाही.
जाताना बाईंनी फो.चा निरोप दिला. येत्या शुक्रवारीही पूजा आहे. "तू जवळ उभा राहा, तू असलास की भीती नाही."
सेटवर दिवा अजून परत बसवलेला नाही. मी येतो म्हणून सांगितलं.